लाट कुठे जिरवायची?

नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर गर्दी असते ती वाजंत्री, फोटो आणि भजी यांच्यासाठी. समुद्राला वाहिलेल्या नारळाचं पुढे काय होतं, हे पाहत बसणारे थोडेच. पण पाहत बसलं तर गंमत दिसते. लाट धावत येते, नारळाखालून निघून जाते आणि नारळ जवळजवळ होता तिथेच राहतो. लाटेचा माथा आला की तो वर चढतो, किंचित किनाऱ्याकडे सरकतो. मागचा खळगा आला की खाली बसतो आणि मागे जातो. एका लाटेत एक प्रदक्षिणा. किनाऱ्याकडे जी धावते ती ऊर्जा. पाणी आपल्या जागी गिरक्या घेत राहतं.

बोहेमियातल्या फ्रान्त्स योझेफ गेर्स्टनर यांनी या गिरकीचं गणित १८०२ मध्ये मांडलं. इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८४०च्या दशकात लाटांचा जो साधा सिद्धान्त लिहिला, तो आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि नारळ अगदी मूळ जागी परतत नाही, दर फेरीला थोडा थोडा लाटेच्या दिशेनं सरकतो, हे केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी १८४७ मध्ये दाखवलं. म्हणून नारळ उशिरा का होईना, वाळूला लागतो आणि पोरं तो पळवतात.

रत्नागिरीसमोरच्या समुद्रात, सुमारे १३ मीटर खोल पाण्यात, असाच एक नारळ वर्षानुवर्षं डोलत आला आहे. तो पिवळा आहे, धातूचा आहे आणि बराच महाग आहे. 'वेव्हरायडर' नावाचा हा मोजणीचा बोया नेदरलँड्समध्ये बनतो. तळाशी नांगरलेला, पण लाटेबरोबर मोकळेपणी वरखाली होता यावं म्हणून मधे रबरी दोर दिलेला. पोटात त्वरण मोजणारं यंत्र. गोव्यातल्या दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हैदराबादचं 'इन्कॉइस', म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, यांनी पश्चिम किनाऱ्यावर असे बोये ठेवून लाटांची नोंद केली, त्यात रत्नागिरी आहे. सेकंदाला १.२८ वेळा नोंद, अर्ध्या तासाचा एक तुकडा. म्हणजे दर तुकड्यात २,३०४ आकडे. दिवसरात्र, आषाढातल्या मुसळधार पावसातही.

एवढे आकडे कशाला, असा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. मिरकरवाड्यातला तांडेल सकाळी धक्क्यावर येऊन पाण्याकडे एकदा बघतो आणि होडी काढायची की नाही ते ठरवतो. त्याला बोया लागत नाही. पण त्याचा निर्णय एका दिवसापुरता असतो. चुकला तर तो परत फिरू शकतो. अभियंत्याला पन्नास वर्षांसाठी भिंत बांधायची असते आणि भिंतीला परत फिरता येत नाही.

पाहुण्या लाटा

बोयाच्या आकड्यांतून पहिली गोष्ट निघाली ती ही, की रत्नागिरीच्या समोरचा समुद्र रत्नागिरीचा नसतोच. एका वेळी तिथे दोन-तीन ठिकाणांहून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळलेल्या असतात. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यानं उठलेल्या तोकड्या, खडबडीत लाटा घरच्या. लांब, गुळगुळीत, संथ फुगवटे मात्र पाहुणे.

त्यातला एक पाहुणा थेट आखाताकडचा. हिवाळ्यात अरबस्तानाच्या बाजूनं 'शमाल' नावाचा वायव्येचा जोरदार वारा सुटतो. त्यानं उठलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला येतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अबूबकर, वेथामोनी आणि रश्मी यांनी रत्नागिरी, गोवा आणि द्वारका इथल्या हिवाळी नोंदी एकत्र ठेवून २०११ मध्ये ही गोष्ट मांडली. खुणा स्पष्ट होत्या: लाटांची उंची वाढते, फुगवट्यांचा आवर्तनकाळ कमी होतो आणि वाऱ्याच्या लाटा नि फुगवटे दोन्ही वायव्येकडूनच येऊ लागतात. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र, इथे वारा बेताचा आणि तरी समुद्र अस्वस्थ, असं का, याचं एक उत्तर मिळालं.

दुसरा पाहुणा त्याहून लांबचा. दक्षिण हिंदी महासागरात, चाळीस अंश दक्षिणेच्याही पलीकडे, जी वादळं घोंगावतात त्यांचे फुगवटे विषुववृत्त ओलांडून कोकणात पोचतात. पंधरा सेकंद आवर्तनकाळाच्या लाटांची ऊर्जा खोल समुद्रात दिवसाला साधारण हजार किलोमीटर जाते. चाळीस अंश दक्षिणेपासून रत्नागिरीच्या सतरा अंश उत्तरेपर्यंतचं अंतर सव्वासहा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मांडवीला आज फुटणारी लाट कदाचित सहा दिवसांपूर्वी अंटार्क्टिकाच्या दिशेच्या कुठल्याशा वादळात जन्मली असेल. केरळात अशा न सांगता येणाऱ्या समुद्राला कोळी 'कल्लक्कडल' म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. आता हा शब्द शास्त्रीय लेखनातही रूढ झाला आहे.

लाटा इतक्या लांब टिकतात यावर पूर्वी विश्वास बसणं कठीण होतं. वॉल्टर मुंक या अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये पॅसिफिकमध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी मांडून दक्षिणेतल्या वादळांचे फुगवटे पार उत्तरेपर्यंत पकडले. याच मुंक यांनी दुसऱ्या महायुद्धात हाराल्ड स्वेरड्रुप यांच्याबरोबर लाटांच्या अंदाजाची पद्धत बसवली होती. सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर लाटा किती असतील हे आधी कळायला हवं होतं. आजच्या बंदराच्या आराखड्यात जो शब्द पदोपदी येतो तो या युद्धकाळातल्या कामातून आला. त्याकडे पुढे येऊच.

वेगाच्या गणितातून आणखी एक गोष्ट निघते. खोल पाण्यात लांब लाट आखूड लाटेपेक्षा जोरात धावते. त्यामुळे दूरच्या वादळातून निघालेल्या लाटांपैकी लांबलचक फुगवटे आधी पोचतात, वारा आणि पाऊस मागून येतात किंवा येतही नाहीत. वारा नसताना 'समुद्र फुगला' असं जुना खलाशी म्हणतो आणि जाळी आवरायला लागतो, तेव्हा तो हेच वाचत असतो.

कधी कधी वाचायला वेळच मिळत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला लागलं. रत्नागिरीच्या कितीतरी नौका तेव्हा समुद्रात होत्या. बोटी बुडाल्या, खलाशी बेपत्ता झाले. तारखेचा योगायोग असा, की १९२७ साली ११ नोव्हेंबरलाच 'जयंती' आणि 'तुकाराम' या कोकणच्या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या होत्या. पावसाळा संपला, समुद्र निवळला, असं वाटण्याच्या या दिवसांत अरबी समुद्र दगा देतो. २०१९ची दिवाळी अनेकांना आठवत असेल. 'क्यार' वादळ रत्नागिरीपासून दोनेकशे किलोमीटरवरून वळलं आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, भर समुद्रात महाचक्रीवादळ झालं. जमिनीला ते लागलंच नाही. त्याच्या लाटा मात्र कोकणच्या वाळूवर चढल्या.

सरासरी, पण कुणाची?

आता तो शब्द. किनाऱ्यावर उभं राहून लाटांची उंची सांगा म्हटलं तर माणूस सगळ्या लाटांची सरासरी काढत नाही. बारीकसारीक लाटा त्याच्या नजरेतूनच सुटतात. तो बोलतो ते मोठ्या लाटांबद्दल. युद्धकाळातल्या शास्त्रज्ञांनी मानवी नजरेची ही सवयच व्याख्येत बसवली. सगळ्या लाटा उंचीनं लावायच्या, वरच्या एक-तृतीयांश घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. हिला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ 'लक्षणीय लाटउंची'. रत्नागिरीसमोर हिवाळ्यातल्या शांत दिवशी ती मीटरभरही नसते. जून-जुलैत नैर्ऋत्येचा मोसमी वारा चढला की तीन मीटर, कधी चार मीटरच्या वर.

इथे वाचकाची फसगत होते. लक्षणीय उंची चार मीटर म्हणजे सर्वांत मोठी लाट चार मीटर, असं मुळीच नाही. मायकेल लाँगेट-हिगिन्स यांनी १९५२ मध्ये सांख्यिकीनं दाखवलं, की हजार लाटांत सर्वांत मोठी लाट लक्षणीय उंचीच्या जवळजवळ १.८६ पट असण्याचा संभव असतो. दहा सेकंदांच्या लाटा तीन तास येत राहिल्या तर हजारावर लाटा होतात. म्हणजे चार मीटरच्या समुद्रात दर दुपारी एखादी साडेसात मीटरची लाट येऊन जायची, दुमजली घराएवढी. ती कोणत्या क्षणी येईल हे गणित सांगत नाही. येईल, एवढंच सांगतं.

मोठ्या लाटा घोळक्यानं येतात हे मात्र खरं. जगभरच्या किनाऱ्यांवर सातव्या किंवा नवव्या लाटेच्या गोष्टी ऐकायला मिळतात. सातचा आकडा पक्का नाही, पण घोळका खरा. तानपुऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या आणि पूर्ण जुळल्या नाहीत की सूर हेलकावे खातो. तसंच जवळजवळ सारख्या आवर्तनकाळाचे दोन फुगवटे एकत्र आले की समुद्र काही लाटा मोठा होतो आणि मग काही लाटा दम खातो. होडी वाळूवर ओढणारे कोळी या दम खाण्याची वाट बघतात.

१७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, अमावास्येच्या उधाणात मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यावर कोकणात आजही बोललं जातं. गर्दी, वारा, भरती, बोटीचा कललेला तोल अशी अनेक कारणं सांगितली जातात. आजच्या भाषेत बोलायचं तर सरासरी लाटेतून बोट वाचते. परीक्षा असते ती घोळक्यातल्या मोठ्या लाटेशी.

मिऱ्याची भिंत

खोल समुद्रातली दहा सेकंदांची लाट १५६ मीटर लांब असते आणि सेकंदाला साडेपंधरा मीटर धावते. लांबीच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे ७८ मीटरवर, तिची हालचाल पृष्ठभागाच्या जेमतेम चार टक्के उरते. पाणी त्याहून उथळ होऊ लागलं की लाटेला तळ लागतो. किनारा दिसायच्या कितीतरी आधी हे सुरू होतं. बोया आहे त्या १३ मीटरांवर पोचेपर्यंत तीच लाट आखडून शंभरेक मीटरची झालेली असते आणि तिचा वेग दहा मीटरांवर आलेला असतो. पुढची लाट मंदावली, मागची अजून जोरात, मग माथे जवळ येतात, उंच होतात. उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे पाऊणपट झाली की लाट फुटते.

मंदावताना ती वळतेही. तिचा जो भाग उथळावर आला तो मागे पडतो, खोलातला पुढे जातो; लेझीमच्या रांगेत आतल्या बाजूचा गडी पावलं आखूड टाकतो आणि रांग वळते, तसं. त्यामुळे समुद्रात घुसलेल्या सुळक्यांवर लाटांची ऊर्जा एकवटते आणि आत वळलेल्या पुळणींवर ती पांगते. रत्नदुर्ग किल्ल्याचा कडा लाटांचा मार का खातो आणि त्याच्या उत्तरेच्या आडोशाला भगवती बंदर नि मिरकरवाडा का वसले, याचं उत्तर यात आहे. किल्ला बांधणाऱ्यांना आणि बंदर शोधणाऱ्यांना समीकरण माहीत नव्हतं. जागा मात्र अचूक माहीत होती.

त्या आडोशाच्या उत्तरेला पांढरा समुद्र आणि मिऱ्या. इथे आडोसा संपतो. जाकीमिऱ्या, भाटीमिऱ्या या वस्त्यांनी दर पावसाळ्यात उधाणाच्या बातम्या दिल्या आहेत: बंधाऱ्याला भगदाड, माडाच्या मुळांखालची वाळू गेली, पाणी अंगणात आलं. दगडी धूपप्रतिबंधक बंधारा बांधायचा, पावसाळ्यात तो ढासळायचा, पुन्हा दगड टाकायचे, असा क्रम अनेक वर्षं चालला.

बंधारा का ढासळतो? बहुतेकांना वाटतं, लाट दगड ढकलून देते म्हणून. तसंही होतं. पण जास्त वेळा तो पायथ्यापासून जातो. उभट भिंतीवर आदळलेली लाट परत फिरते आणि येणाऱ्या लाटेत मिसळते. भिंतीपुढे उंची दुपटीपर्यंत जाऊ शकते. त्या खळबळीत पायथ्याची वाळू सुटते, खड्डा पडतो आणि भिंत आपल्याच वजनानं त्यात बसते. वर कितीही मजबूत दगड ठेवले तरी खालून वाळू गेली की सगळं व्यर्थ. शिवाय भिंतीनं जी लाट परतवली ती कुठेतरी जाणारच. बऱ्याचदा ती जाते भिंत जिथे संपते तिथल्या शेजाऱ्याच्या वाळूत. एका वाडीचा बंधारा पुढच्या वाडीची धूप होतो आणि मग पुढची वाडी बंधारा मागते.

महाराष्ट्रात 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा भिंतीभिंतींवर रंगवलेली असते, ती घाटमाथ्यावरच्या पाण्यासाठी. किनाऱ्यावर तिचा पहिला अर्धा भाग धोक्याचा ठरतो. लाट अडवली की ती सूड घेते. तिला जिरवावीच लागते. ती कुठे जिरवायची, एवढाच प्रश्न अभियंत्याच्या हाती उरतो. नुसती वाळूची पुळण असेल तर ती लाटेला उतारावर पळवून दमवते. पावसाळ्यात वाळू समुद्रात जाते, तिचा आडवा दांडा होतो, पुढच्या लाटा त्या दांड्यावरच फुटतात आणि हिवाळ्यात वाळू परत येते. पुळण हीच सर्वांत स्वस्त भिंत. पण तिला मागे सरकायला जागा लागते आणि मिऱ्यासारख्या वस्तीत त्या जागेवर घरं आहेत.

जिरवायचं किती, याचा अंदाज घ्यावा. लक्षणीय उंची तीन मीटर आणि आवर्तनकाळ नऊ-दहा सेकंद असला की किनाऱ्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे चाळीसेक किलोवॅट शक्ती येत असते. म्हणजे शेतातले पाच अश्वशक्तीचे दहा पंप, दर मीटरला, रात्रंदिवस. ही वीज काढता येईल का, असं कुणालाही वाटेल. केरळात विळिंजमला आयआयटी मद्रासनं १९९१ मध्ये १५० किलोवॅटचं प्रायोगिक केंद्र उभारलंही होतं. अडचण अशी की लाटा भरपूर असतात त्याच दिवसांत त्या यंत्रच मोडायला टपलेल्या असतात.

मिऱ्यासाठी शेवटी शंभर कोटींहून अधिक खर्चाचा, टेट्रापॉडचा नवा बंधारा हाती घेतला गेला. त्याच्या आधी या किनाऱ्यानं एक विचित्र पाहुणा पाहिला. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडकडे जात असताना 'बसरा स्टार' नावाचं रिकामं तेलवाहू जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं. तेरा खलाशी सुखरूप निघाले. जहाज मात्र निघालं नाही. पावसाळे आले, गेले. गंजणारं धूड बंधाऱ्याला टेकून लाटांचा मार खात राहिलं आणि रत्नागिरीकरांचं फोटो काढायचं ठिकाण झालं.

घनाचा धसका

दगड केवढा हवा? अमेरिकी सैन्याच्या अभियंता विभागातल्या रॉबर्ट हडसन यांनी १९५०च्या दशकात टाकीतल्या प्रयोगांवरून एक सूत्र दिलं. त्यातलं ध्यानात ठेवण्यासारखं एकच: दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतं. दोनास एक उतार, खडबडीत दगड, घनता साधारण २.६५ धरली तर तीन मीटर लाटेला सव्वादोन टनांचा दगड पुरतो. चार मीटरला सव्वापाच टन. पाच मीटरला साडेदहा टन. लाटेच्या अंदाजात मीटरभर चूक झाली की दगड दुपटीनं चुकतो.

कोकणात घराला लागतो तो जांभा चिरा या कामाचा नाही. हलका आणि ठिसूळ. काळा दगडच हवा. पण खाणीतून दहा टनांचे अखंड धोंडे मिळणं, ते अरुंद रस्त्यानं ट्रकमधून आणणं आणि क्रेननं एकेक रचणं हे सगळं अवघड. म्हणून काँक्रीटचे ठोकळे आले. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या प्रयोगशाळेत १९५० मध्ये चार पायांचा टेट्रापॉड जन्मला आणि मोरोक्कोत कासाब्लांकाजवळच्या वीजकेंद्रासाठी पहिल्यांदा वापरला गेला. मुंबईच्या मरीन ड्राइव्हमुळे तो मराठी माणसाच्या इतक्या ओळखीचा झाला, की त्यावर बसून प्रेमात पडणाऱ्यांना त्याच्या पायांचं प्रयोजन आठवतही नाही. पाय एकमेकांत अडकतात, मधे पोकळ्या राहतात, पाणी त्या पोकळ्यांत शिरून घुसळतं आणि दमतं.

सूत्रावर फार भरवसा ठेवणंही बरं नाही. हडसन यांच्या सूत्रात आवर्तनकाळ नाही, वादळ किती तास चाललं हेही नाही. १९७८च्या फेब्रुवारीत पोर्तुगालमधल्या सिनेसच्या नव्या बंदरात ४२ टनांच्या काँक्रीट ठोकळ्यांची भिंत वादळात उद्ध्वस्त झाली आणि जगभरचे बंदर-अभियंते हादरले. ठोकळे पुरेसे जड होते. पण हलताना ते एकमेकांवर आपटून मोडले. नेदरलँड्सच्या व्हॅन देर मेर यांनी १९८८ मध्ये दिलेल्या सूत्रांत मग आवर्तनकाळ आणि लाटांची संख्या दोन्ही आली.

दाभोळ, जे दाभोळात नाही

लाटांचा हिशेब पैशांत पाहायचा तर रत्नागिरी जिल्ह्यातच गुहागर तालुक्यात जावं. एन्रॉनचा म्हणून गाजलेला वीजप्रकल्प सगळे दाभोळचा म्हणतात. तो आहे वाशिष्ठीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, अंजनवेल-वेलदूरकडे. दाभोळ पलीकडे. या प्रकल्पावर महाराष्ट्रात जितकी शाई खर्च झाली तितकी क्वचितच कशावर झाली असेल: १९९३चा करार, १९९५ मध्ये तो रद्द होणं, फेरवाटाघाटी, विजेचा दर, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडणं, एन्रॉनची दिवाळखोरी. त्या गदारोळात समुद्रातल्या एका अर्धवट भिंतीबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

प्रकल्पासोबत द्रवरूप नैसर्गिक वायूचं टर्मिनल होतं. उणे १६२ अंशांवर थंड करून द्रव केलेला वायू घेऊन पावणेतीनशे-तीनशे मीटर लांबीची जहाजं येणार, धक्क्याला लागणार, नळ्या जोडून माल उतरवणार. या कामाला जहाज स्थिर लागतं. दोरखंडांनी बांधलेलं अजस्र जहाज आखूड लाटांना जुमानत नाही, पण लांब फुगवटे त्याला झोका देतात. म्हणून लाटरोधक भिंत आराखड्यात होती. प्रकल्प मोडला तेव्हा ती अपुरी राहिली. २०१३ मध्ये टर्मिनल सुरू झालं ते तशाच अवस्थेत. परिणाम असा, की पावसाळा आला की जहाजं येणं बंद होई. आपल्या मच्छीमारांना १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद असतो; या टर्मिनलची सक्तीची सुट्टी त्याहून लांब असे. वर्षाला पन्नास लाख टनांची क्षमता असलेलं टर्मिनल भिंतीअभावी अठ्ठावन्न टक्क्यांवर, सुमारे २९ लाख टनांवर अडकलं. टर्मिनल गेल इंडियाच्या अखत्यारीतल्या कोकण एलएनजीकडे आल्यावर भिंतीचं काम पुन्हा हाती घेतलं गेलं.

भिंत 'थोडी' अपुरी असली तर लाटा 'थोड्या' येतील, असा समज इथे चालत नाही. भिंतीच्या टोकाशी आलेली लाट टोकाला वळसा घालून आतल्या सावलीत पसरते. उन्हाची सावली काटेकोर असते, लाटेची नसते. भिंत पन्नास मीटर पुढे न्यायची की दहा अंश वळवायची, त्यावर धक्क्याशी पोचणारी लाट निम्मी होते किंवा दुप्पट. मिरकरवाड्यासारख्या मासेमारी बंदरातही हाच प्रश्न छोट्या मापात असतो: धक्क्याशी फूट-दीड फुटाहून मोठी लाट नको, नाहीतर नौका एकमेकींवर आपटतात. शिवाय भिंत जितकी शांतता देते तितका गाळही आत बसवते, कारण गाळाला बसायला शांत पाणीच लागतं. शांतता हवी आणि खोलीही हवी, ही मच्छीमारांची मागणी रास्त आहे. निसर्गाला ती परस्परविरोधी वाटते.

धरणाखालचा समुद्र

असले प्रश्न सोडवायला लोक समुद्राकडे न जाता घाट चढून पुण्याला येतात. खडकवासल्याला, मुठेवरच्या धरणाजवळ, केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाला आहे. मुंबई इलाख्यानं १९१६ मध्ये सिंचनाच्या प्रश्नांसाठी ती सुरू केली, १९३६ मध्ये ती केंद्राकडे गेली. समुद्र तिथून सह्याद्रीपलीकडे आणि पाचशे मीटरहून अधिक खाली. तरी देशातल्या कितीतरी बंदरांचे समुद्र या संस्थेच्या आवारात, छपराखाली, गोड्या पाण्यात उसळले आहेत.

आता संगणकावरची प्रारूपं आहेत: अमेरिकेचं 'वेव्हवॉच', डेल्फ्टच्या विद्यापीठाचं 'स्वान', डेन्मार्कचं 'माइक'. वाऱ्याचे नकाशे भरले की ती पुढच्या काही दिवसांच्या लाटा सांगतात; 'इन्कॉइस'चे उंच लाटांचे इशारे अशाच प्रारूपांवरून निघतात. मुंबईच्या आयआयटीतल्या मकरंद देव यांनी नायडू यांच्यासह १९९९ मध्येच कृत्रिम चेताजाल वापरून लाटांचा अंदाज करून दाखवला होता, कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द गल्लोगल्ली पोचण्याच्या कितीतरी आधी. पण भिंतीवर आदळून फुटणारी, फेसाळणारी, ठोकळ्यांच्या फटींत शिरणारी लाट संगणकाला आजही जड जाते. तिथे टाकीच लागते.

टाकीतला समुद्र लहान करताना नियम पाळावा लागतो. तो नियम विल्यम फ्रूड यांचा. त्यांनी १८७२ मध्ये इंग्लंडमध्ये टॉर्कीला जहाजांच्या प्रतिकृतींसाठी टाकी बांधली. लांबी चाळीस पटीनं कमी केली तर वेळ चाळीसनं नव्हे, तिच्या वर्गमुळानं, सव्वासहा पटीनं कमी होतो. दहा सेकंदांची मोसमी लाट टाकीत दीड सेकंदात येते. वजन घनानं, म्हणजे चौसष्ट हजार पटीनं उतरतं. आठ टनांचा टेट्रापॉड सव्वाशे ग्रॅमचा होतो, मुठीत मावणारा. अरबी समुद्राचा तीन तासांचा उत्पात अर्ध्या तासात उरकतो.

हे छोटे ठोकळे भिंतीवर हातानं, एकेक करून रचतात. उंचीप्रमाणे त्यांचे पट्टे वेगवेगळ्या रंगांत रंगवलेले असतात, म्हणजे कोणता कुठून कुठे गेला ते डोळ्यांनाच दिसतं. टाकीच्या दुसऱ्या टोकाला लाटा उठवणारी फळी पुढेमागे हलू लागते. एकसारख्या लाटा पाठवत नाहीत. बोयाच्या नोंदींतून निघालेला समुद्र, त्याच्या घोळक्यांसह आणि अधूनमधून येणाऱ्या त्या एका मोठ्या लाटेसह, तिथे पुन्हा उभा करतात. पाणी भिंतीवर चढतं, फटींत शिरतं, गुरगुरत उतरतं. एखादा ठोकळा जागीच डुलतो. एखादा सुटून खालच्या रंगात जाऊन पडतो.

ठरलेली वेळ झाली की फळी थांबते. पाणी निवळेपर्यंत थांबायचं, फोटो काढायचा, चुकीच्या रंगात पडलेले ठोकळे मोजायचे, शंभरात किती हलले ते वहीत लिहायचं. मग सगळे उचलून पुन्हा पहिल्यासारखे रचायचे आणि फळीला पुढची लाट सांगायची, अर्ध्या मीटरनं मोठी.